एफटीडीआय चिपवाली यूएसबी कन्सोल केबल: चार स्टार, आणि एक स्टारवाल्यांसाठी थोडं जास्तीचं

ज्यांचा रोज स्विच-राउटरशी संबंध येतो त्यांच्यासाठी लिहितोय, बाकीच्यांनी पुढे गेलं तरी चालेल. स्विच-राउटरच्या कन्सोल पोर्टला लॅपटॉप जोडून त्यांचं सेटिंग करायची ही ती नेहमीची निळी केबल, एका टोकाला यूएसबी, दुसऱ्या टोकाला आरजे४५ (नेटवर्कच्या वायरला असतं तेच टोक), मध्ये कुठे वेगळा कन्व्हर्टर लटकत नाही, यूएसबीचे सिग्नल सिरीयलमध्ये बदलणारी एफटीडीआय कंपनीची एफटी२३२आर चिप यूएसबीच्याच जाड टोपणात बसवलेली. लांबी १.८ मीटर. ऑनलाइन मागवली, सातशेच्या आसपास पडली. तिथेच अडीचशेवाल्या पण होत्या आणि फोटोत दोन्ही जुळ्या बहिणी वाटतात, फरक सगळा आतल्या चिपचा.

स्वस्तातल्या बऱ्याच केबल्समध्ये प्रोलिफिक कंपनीची पीएल२३०३ चिप किंवा तिची नक्कल असते. चिप वाईट नाहीये, पण जुन्या एचएक्सए व्हर्जनचा सपोर्ट कंपनीने काढून टाकलाय, त्यामुळे विंडोजच्या डिव्हाइस मॅनेजरमध्ये कॉम पोर्टच्या (विंडोजमध्ये केबल ज्या नावाने दिसते त्या पोर्टच्या) नावाऐवजी सरळ "फेज्ड आउट सिन्स २०१२, प्लीज कॉन्टॅक्ट युअर सप्लायर" असं लिहून येतं आणि वर पिवळा त्रिकोण. आता कस्टमरच्या सर्व्हर रूममध्ये रात्री अकराला कुठल्या सप्लायरला कॉन्टॅक्ट करणार? मग लोक जुना ड्रायव्हर शोधून टाकतात, चालतो, विंडोज अपडेट होतं, परत त्रिकोण. सीएच३४० चिपवाल्या त्या मानाने बऱ्या, फक्त उबंटू लिनक्स २२.०४ वर बीआरएलटीटीवाय नावाचं ब्रेल डिस्प्लेचं पॅकेज ती चिप स्वतःचीच समजून पळवतं आणि टीटीवाय-यूएसबी-झिरो (लिनक्समधला केबलचा पोर्ट) दिसून लगेच गायब होतो. ते पॅकेज काढलं की प्रश्न मिटतो.

ह्या केबलला विंडोज ११ वर काहीच करावं लागलं नाही, नेट चालू होतं, ड्रायव्हर आपोआप आला, कॉम५ दिसला. लिनक्सवर ड्रायव्हर कर्नलमध्येच असतो, फक्त आपला युजर डायलआउट ग्रुपमध्ये (सिरीयल पोर्ट वापरायची परवानगी असलेला ग्रुप) टाका नाहीतर परमिशन डिनाइड येत राहील.

आता चिप अस्सल आहे का हा प्रश्न विचारणारच तुम्ही, कारण एफटीडीआयच्या नकला बाजारात ढिगाने आहेत. २०१४ मध्ये कंपनीने विंडोज ड्रायव्हर असा काढला होता की नकली चिपचा प्रॉडक्ट आयडीच शून्य करून टाकायचा, म्हणजे केबल तिथेच मेली, बराच गदारोळ झाला आणि तो ड्रायव्हर मागे घ्यावा लागला. त्यानंतरच्या एका ड्रायव्हरने केबल मारायचं सोडून डेटाच्या जागी "नॉन जेन्युइन डिव्हाइस फाउंड" असा मजकूर पाठवायला सुरुवात केली. कन्सोलवर असलं काही उमटलं तर स्विचला शिव्या देऊ नका, केबल परत करा.

केबल आली की पहिल्यांदा लूपबॅक (पाठवलेलं परत आपल्याकडेच येतं का ती चाचणी) करून बघा, दोन मिनिटांचं काम आहे. भिंतीवर लावतो तो आयओ (नेटवर्कचं सॉकेट) घ्यायचा, बी कोडिंगप्रमाणे हिरवा-पांढरा आणि हिरवा ह्या दोन खाचांमध्ये एकच छोटी वायर दाबायची, म्हणजे पिन ३ आणि ६ एकमेकांना जोडल्या गेल्या. केबलचं आरजे४५ टोक त्यात खुपसा, पुट्टी (कन्सोलशी बोलायचा प्रोग्रॅम) उघडा, फ्लो कंट्रोल (समोरच्याला थांब-पाठव सांगायची सोय) नन, आणि टाइप करा. जे टाइप कराल तेच स्क्रीनवर दिसलं की केबल, चिप, ड्रायव्हर सगळं ठीक. वायर काढल्यावर अक्षरं उमटायची थांबली पाहिजेत, तीही खात्री करून घ्या. माझ्या पीसला सगळं व्यवस्थित आलं.

मुद्दाम सांगतोय कारण खालचे एक स्टारवाले रिव्ह्यू वाचले तर त्यातल्या निम्म्यांची केबल चांगलीच असणार असं माझं स्पष्ट मत आहे.

एक जण लिहितो, "फक्त कचरा दिसतो, उलटेसुलटे सिम्बॉल". अरे बाबा, कचरा येतोय म्हणजे केबल चालतेय! स्पीड चुकलाय. सिस्कोचा कॅटॅलिस्ट स्विच ९६०० च्या स्पीडवर बोलतो, ८ बिट, पॅरिटी नाही, स्टॉप बिट १. पण सगळे ९६०० वाले नसतात, मायक्रोटिक आणि अरुबा सीएक्स ११५२०० वर, टीपी-लिंक जेटस्ट्रीमचे बरेचसे स्विच ३८४०० वर. आणि आधीच्या माणसाने स्पीड बदलून ठेवला असेल तर मॅन्युअलसुद्धा कामाचं नाही, एकेक लावून बघायचं.

दुसरा म्हणतो स्क्रीन काळीच राहते. एंटर दाबलं का? बूट होऊन बसलेला स्विच स्वतःहून बोलत नाही, एंटर दाबल्याशिवाय प्रॉम्प्ट येत नाही, काही जुन्या एचपी प्रोकर्व्हला तर दोनदा दाबावं लागतं कारण तो त्यावरून आपला स्पीड ओळखतो. तरी काळीच असेल तर केबल नक्की कन्सोल पोर्टमध्येच आहे ना ते बघा, रॅकच्या मागे अंधारात सगळे आरजे४५ सारखेच लागतात हाताला. ह्यात एक धोका पण आहे, पॅसिव्ह पीओईवाल्या (पीओई म्हणजे नेटवर्कच्या वायरमधूनच वीज देणं) पोर्टमध्ये गेली तर तिथे २४ व्होल्ट कायम चालू असतात आणि केबलची चिप उडू शकते. नेहमीचं स्टँडर्ड पीओई आधी समोर कोण आहे ते तपासतं, तिथे सहसा वाचते.

सगळ्यात चकवणारी तक्रार म्हणजे "आउटपुट दिसतं पण टाइपच होत नाही", आणि ह्यावर लोक सरळ केबल परत करतात. पहिला संशयित फ्लो कंट्रोल. मिनीकॉममध्ये (लिनक्सवरचा पुट्टीसारखा प्रोग्रॅम) हार्डवेअर फ्लो कंट्रोल आधीपासूनच येस असतं, लॅपटॉप सीटीएस ("आता पाठव" असं सांगणाऱ्या) सिग्नलची वाट बघत बसतो, तो आला नाही तर तुमचं एकही अक्षर पलीकडे जात नाही, पण पलीकडून येणारं मात्र मस्त दिसत राहतं. नो करा, सेव्ह करा, झालं. पुट्टीत तिथे एक्सऑन-एक्सऑफ असतं, ते पण ननच करून टाका.

मागे चाकणच्या एका कंपनीत हेच झालं, समोर सिस्कोचा २९६०-एक्स स्विच, बूटचे मेसेज धडाधड येतायत, लॉग दिसतोय, एंटर मारलं की काही नाही. फ्लो कंट्रोल ननच होतं, लूपबॅक पास. ह्या स्विचला आरजे४५ कन्सोल मागच्या बाजूला असतो आणि पुढे एक मिनी यूएसबी कन्सोल पण असतो. पुढे जाऊन बघितलं तर त्यात एक काळी वायर आणि ती खाली रॅकमधल्या चालू पीसीला जोडलेली, कोणी कधी लावली कोणालाच माहीत नाही. सिस्कोच्या ह्या मॉडेल्सवर आउटपुट दोन्हीकडे जातं पण इनपुट एकाच बाजूने घेतं आणि यूएसबी लागलेली असेल तर मान तिला. वायर उपटली, एंटर मारलं, प्रॉम्प्ट हजर. कायमचं बंद करायचं तर स्विचच्या सेटिंगमध्ये लाइन कन्सोल झिरोमध्ये जाऊन मीडिया-टाइप आरजे४५ ही कमांड द्यायची, तेही केलं आणि सेव्ह करून निघालो. तिथे एखादा नवीन पोरगा असता तर त्याने नक्की केबलला एक स्टार दिला असता.

ब्रेक सिग्नल (बूट होणाऱ्या राउटरला मध्येच थांबवणारा) पण तपासला, कारण राउटरच्या पासवर्ड रिकव्हरीला तो लागतोच आणि स्वस्त केबल्स नेमक्या तिथे माती खातात. हिच्यावर पुट्टीतून ब्रेक पाठवला, राउटर गुमान रॉममॉनमध्ये (त्याच्या रिकव्हरी मोडमध्ये) गेला. तुमची केबल ब्रेक पाठवत नसेल तर सिस्कोचीच एक जुनी युक्ती आहे, टर्मिनल १२०० वर ठेवा, राउटर बंद करून चालू करा आणि दहा-पंधरा सेकंद स्पेसबार दाबत राहा, ९६०० वर ऐकणाऱ्या राउटरला ते ब्रेकसारखंच वाटतं. मग परत ९६०० वर या. २९६० सारख्या स्विचला ह्याची गरज नाही, तिथे मोड बटण दाबून पॉवर द्यायची.

आता एक स्टार का कापला. आरजे४५च्या क्लिपवर रबरी टोपी नाहीये, बॅगेत कोंबली की क्लिप तुटणारच, आणि हिला पुन्हा क्रिम्प करायचं म्हणजे चपट्या वायरचे रंग वेगळे असल्यामुळे वैताग. यूएसबीचं टोपण इतकं जाड की लॅपटॉपच्या शेजारच्या पोर्टमध्ये पेनड्राइव्ह लागत नाही. टीएक्स-आरएक्सचा (डेटा जातोय-येतोय दाखवणारा) एखादा एलईडी दिला असता तर अर्धं डिबगिंग तिथेच झालं असतं. आणि १.८ मीटर म्हणजे स्विच रॅकमध्ये वर असेल तर लॅपटॉप हातात धरून उभं राहायचं, मी सरळ कपलर (दोन आरजे४५ टोकं जोडणारा तुकडा) लावून तीन मीटरची साधी पॅच कॉर्ड जोडतो, ९६०० ला काही फरक पडत नाही.

एपीसी कंपनीच्या स्मार्ट-यूपीएसच्या सिरीयल पोर्टला मात्र ही केबल अडॅप्टर लावून वगैरे जोडायच्या भानगडीत पडू नका, त्याचं पिनआउट (कुठल्या पिनवर कुठला सिग्नल) वेगळंय, साधी सिरीयल केबल लावली की यूपीएस चक्क बंद पडू शकतो, आणि त्याच्यावरचा सगळा रॅकही.

टाइप-सीवाल्यांनी टाइप-सीचीच घ्या, ह्याच विक्रेत्याकडे आहे, शंभरेक रुपये जास्त. डब्यात एक ड्रायव्हरची मिनी सीडी पण येते, ती कुठल्या लॅपटॉपमध्ये घालायची ते विक्रेत्यालाच विचारा.