बाजाराला कुत्र्याला न्यावं की घरी ठेवावं?

सोबत नेण्याचा मोठा फायदा म्हणजे सवय. लसी पूर्ण झालेलं पिल्लू रिक्षांचे हॉर्न, गर्दी, अनोळखी माणसं लहानपणीच पाहतं, तेव्हा मोठेपणी बुजत नाही. शिवाय त्याचं फिरणंही होतं.

पण बडोद्यातला एप्रिल-मे आठवा. कुत्र्याला आपल्यासारखा अंगभर घाम येत नाही, ते मुख्यतः धापा टाकून अंग थंड करतं. डांबरावर हाताची मागची बाजू सात सेकंद टेकवून बघा. आपल्याला सोसवत नसेल तर त्याचे पंजेही भाजणारच. आणि ‘पाच मिनिटांत येतो’ म्हणून बंद गाडीत तर कधीच ठेवू नका. उन्हात दहा मिनिटांत आतलं तापमान दहाएक अंशांनी चढतं, काच बोटभर उघडी असली तरी. याबाबतीत मी अजिबात ऐकून घेणार नाही.

खंडेराव मार्केटात भाजी घ्यायची तर दोन्ही हात पिशव्यांत, मग पट्टा कोण धरणार? खाली पडलेला कांदा किंवा द्राक्षं त्याने खाल्ली तर विषबाधेची भीती. दुकानाबाहेर बांधून ठेवलं तर गल्लीतली कुत्री अंगावर येतात आणि बिचाऱ्याला पळताही येत नाही.

घरी पंखा, पाण्याचं भांडं आणि चघळायला काहीतरी असलं की मोठं कुत्रं तासभर निवांत झोपतं.

म्हणून भाजीबाजार, मंगळबाजार असेल तर घरीच. कोपऱ्यावरच्या वाण्याकडून दूध आणायला, ऊन उतरल्यावर, घरातलं आणखी कुणी बरोबर असेल तर खुशाल न्या.