.32 रिव्हॉल्व्हर, कमरेचा पट्टा आणि गोव्याचा पावसाळा : वापरानंतरचा अनुभव

आधी निकाल सांगून टाकतो, म्हणजे ज्यांना घाई आहे त्यांचं काम होईल. वस्तू चांगली आहे, तिच्याबद्दल तक्रार नाही. पण आठवड्यातले बहुतेक दिवस ती माझ्या तिजोरीत असते, आणि ज्यांना गोव्यात रोज कमरेला लावून फिरायचं आहे त्यांनी पैसे भरण्याआधी खालचं सगळं वाचावं.

मी फोंड्यात सराफी करतो. कारागिरांकडे माल नेणं, तयार डाग परत आणणं, सणासुदीला उशिरा रोकड घेऊन घरी जाणं, हे वडिलांच्या काळापासून चालत आलंय. वडील सोनं जेवणाच्या डब्यात घालून कदंबच्या बसने नेत आणि त्यांना कधी काही झालं नाही. आता काळ तसा राहिलेला नाही म्हणून परवाना काढला. धंद्यातले दोघे-तिघे विचारायला लागले, 'शेट, आम्हीही अर्ज करतोय, कुठलं घेऊ?' सगळे आधी हाच प्रश्न विचारतात, आणि त्याचं उत्तर सगळ्यात सोपं आहे, म्हणून ते आधी उरकतो.

आपल्याला साध्या परवान्यावर 9 एमएम मिळत नाही, ते निषिद्ध बोअरमध्ये, म्हणजे सामान्य माणसाला बंदी असलेल्या नळीच्या मापात येतं. राहतं ते मुख्यतः .32. माझ्याकडे कानपूरची सरकारी कारखान्याची .32 रिव्हॉल्व्हर आहे. सहा गोळ्या, तीन इंची नळी, वजन रिकामी असताना 700 ग्रॅमच्या आसपास. कळ दाबली की नळी पुढे खाली झुकते आणि काडतुसं एकदम वर उचलली जातात. रचना जुन्या इंग्रजी वेब्ली रिव्हॉल्व्हरची, पण भरणं-रिकामं करणं डोळ्यांसमोर होतं आणि आत काय आहे ते एका नजरेत कळतं. माझ्यासारख्या चाळिशी ओलांडलेल्या, चष्मा लावणाऱ्या माणसाला ही गोष्ट मोठी वाटते. 2014 साली आलेलं 'निर्भीक' रिव्हॉल्व्हर टायटॅनियमचं, साधारण 500 ग्रॅमचं. 2023 साली आलेलं 'प्रबळ' बाजूला उघडणाऱ्या सिलिंडरचं, म्हणजे गोळ्यांच्या चक्रीचं. तिन्ही .32 च. काडतुसाच्या बुडावर 'केएफ' असा शिक्का दिसला तर ते खडकीचं समजा, पुण्याजवळच्या 1869 सालच्या कारखान्यातलं. तीन-चार विक्रेत्यांकडे हातात घेऊन बघा, मुठीत जे बसेल ते घ्या. मॉडेलवरून रात्र-रात्र वाद घालणाऱ्यांपैकी बहुतेकांनी अजून अर्जसुद्धा केलेला नसतो.

अर्जाचं थोडक्यात. तो आता ऑनलाइन भरावा लागतो, पुढे कलेक्टर ऑफिस आणि पोलिसांची चौकशी. डॉक्टरचा दाखला लागतो, त्यात मन ताळ्यावर आहे का तेही बघतात. शस्त्र सुरक्षित ठेवण्याची हमी लिहून द्यावी लागते. 2016 च्या शस्त्र नियमांपासून हत्यार हाताळण्याचं प्रशिक्षण घेतल्याचा दाखलाही लागतो. हा दाखला कुणी 'करून देतो' म्हणालं तर त्याला दारातूनच परत पाठवा. पूर्ण प्रशिक्षण घ्या. या सगळ्या खर्चात माझ्या मते सगळ्यात सार्थकी लागलेले पैसे तेच. बोट चापावर कधी नसावं आणि नळी कुठल्या दिशेला असावी, हे वाचून कळत नाही. कुणीतरी शेजारी उभं राहून दहादा ओरडावं लागतं. परवाना शस्त्र कायद्याच्या 2019 च्या दुरुस्तीनंतर पाच वर्षांसाठी मिळतो आणि हत्यारं दोनपर्यंतच ठेवता येतात. एक पुरे आहे.

आता मुद्द्याचं, म्हणजे अंगावर बाळगणं.

आपल्याकडे बरेच जण समजतात की परवाना असला की पट्ट्याला लावून दिमाखात फिरता येतं. उलट आहे. 2016 च्या नियमांप्रमाणे सार्वजनिक जागी हँडगन होल्स्टरमध्ये किंवा त्यासाठीच बनवलेल्या पिशवीत हवी, पूर्ण झाकलेली हवी आणि तुमच्या ताब्यात हवी. काढून दाखवणं बंद. लग्नात, वाढदिवसाला हवेत बार काढला तर दोन वर्षांपर्यंत कैद, एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही. म्हणजे लपवून नेणं ही तुमची हौस नाही, कायद्याचीच तशी अपेक्षा आहे. इथून गोव्याच्या हवेशी झटापट सुरू होते.

पाऊण किलोची वस्तू कमरेला लावायची तर साधा पट्टा चालत नाही. बाजारातला ऑफिसचा मऊ पट्टा संध्याकाळपर्यंत वळतो, पॅन्ट एका बाजूने खाली ओढली जाते आणि माणूस दर पाच मिनिटांनी कंबर सावरत बसतो. ते सावरणंच चोराला सांगतं की इथे काहीतरी आहे. दुहेरी चामड्याचा, रुंद, कडक पट्टा शिवून घेतला तेव्हा कुठे निम्मा त्रास गेला. हत्यारावर एवढा खर्च करणारे पट्ट्यावर पाचशे रुपये वाचवतात, हे मला कळत नाही.

होल्स्टरचं प्रकरण जास्त लांबलं. पहिलं चामड्याचं, पॅन्टच्या आत खोचायचं, ऑनलाइन मागवलेलं, फोटोत फार देखणं. जूनमध्ये पाऊस लागला आणि पंधरवड्यात त्यावर पांढरी बुरशी धरली. चामडं मऊ पडून तोंड मिटायला लागलं, म्हणजे रिव्हॉल्व्हर बाहेर काढली की परत घालताना दुसऱ्या हाताने तोंड उघडावं लागे. हे धोक्याचं आहे, कारण तो दुसरा हात नळीच्या समोर येतो. विक्रेत्याला कळवलं तर 'कोरड्या जागी ठेवा' असं उत्तर आलं. आषाढात फोंड्यात कोरडी जागा! नंतर कडक प्लास्टिकच्या पत्र्याचं, चापाभोवतीची कडी पूर्ण झाकणारं होल्स्टर घेतलं. दिसायला भिकार आहे, अंगाला टोचतं, पण पावसात त्याला काही होत नाही आणि तोंड उघडंच राहतं. घेताना बाकी काही बघू नका, दोनच गोष्टी बघा: चाप पूर्ण झाकला जातो का, आणि कुणी ओढलं तर सहज निसटतं का.

कुठे लावावं, यावर प्रत्येकाचं वेगळं मत. माझं असं की उजव्या कमरेला, थोडं मागे. उभं असताना, गल्ल्यावर बसताना ठीक. स्कूटरवर बसलात की मूठ बरगडीखाली रुतते, आणि बोरीच्या पुलापासून मडगावपर्यंत गेलात तर ती जागा दोन दिवस दुखते. गाडीत सीटबेल्टचा खटका नेमका तिथेच येतो. शर्टाचं म्हणाल तर इन करणं विसरा. सैल, गडद, थोड्या जाड कापडाचा, बाहेर सोडलेला बुशशर्ट. पांढरा पातळ कॉटनचा शर्ट घामाने पाठीला चिकटला की मुठीचा आकार लांबून ओळखू येतो. माझ्या बायकोने माझे निम्मे शर्ट बाजूला काढले. तिचा या सगळ्याला विरोध होता. शर्टांच्या बाबतीत मात्र तिचा शब्द शेवटचा ठरला, कारण मागून मी कसा दिसतो ते तिलाच दिसतं.

रेनकोटबद्दल स्वतंत्र लिहायला हवं. रेनकोटखाली काहीही लपतं, पण काढताही येत नाही. आतला शर्ट, बाहेरचा रेनकोट, त्याची चेन, ओला हात. स्कूटरवरून जाताना मागून कुणी धक्का दिला तर पहिले काही क्षण तुम्ही रस्त्यावर पडलेले असाल, आणि कमरेचं हत्यार तेव्हा मदतीपेक्षा काळजी जास्त देईल. हे लक्षात आल्यावर मी व्यवहारच बदलला. पावसाळ्यात माल स्कूटरने नेत नाही. गाडी, सोबत दुसरा माणूस, वेळ रोज वेगळी, आणि संध्याकाळची रोकड शक्य तितकी दुपारीच बँकेत. खरं सांगायचं तर धोका जो काही कमी झाला तो याने झाला. रिव्हॉल्व्हर त्याच्या मागे उभी आहे, पुढे नाही.

गंज हा या परीक्षणातला सगळ्यात महत्त्वाचा विषय, आणि उत्तर भारतात बसून लिहिणारे त्याबद्दल एक ओळ लिहितात. आपल्याकडे हवेत मीठ, अंगावर घाम, घामातही मीठ. पहिल्या पावसात मुठीच्या वरच्या पट्टीवर, अंगाला लागते त्या बाजूला, मोहरीएवढे तांबूस ठिपके दिसले. आता शिस्त अशी: घरी आल्यावर आधी रिकामी करायची, मग कोरड्या सुती फडक्याने पुसायची, मग बंदुकीच्या तेलाचा अगदी पातळ हात. होल्स्टरमध्येच ठेवून झोपायचं नाही, विशेषतः चामड्याच्या, कारण चामडं ओल धरून ठेवतं. तिजोरीत ओल शोषणाऱ्या सिलिका जेलच्या पुड्या, त्या बदलत राहायच्या. काडतुसं चामड्याच्या पट्ट्यात खोचून ठेवू नका, पितळेवर हिरवट कीट चढतो. आणि तेलाचा हात काडतुसांना लावू नका. खोबरेल तेल चालेल का, असं एकाने विचारलं होतं. नाही हो.

आता कुठे नेता येत नाही ते. परवान्यावर छापलेल्या अटी कुणी वाचत नाही. त्यात स्पष्ट लिहिलेलं असतं की खास परवानगीशिवाय जत्रा, धार्मिक मिरवणूक, सार्वजनिक मेळावा आणि शाळा-कॉलेजचं आवार इथे हत्यार न्यायचं नाही. ही अट दुसरीकडे कदाचित जाचत नसेल. गोव्यात दिवाळीनंतर सुरू झालेल्या जत्रा वैशाखात शिरगावच्या लईराईपर्यंत संपत नाहीत. काले, दिंड्या, शिगम्याची मिरवणूक, गावोगावची नाटकं. आमचं दुकान ज्या रस्त्यावर आहे तिथून शिगम्याचे चित्ररथ जातात. त्या दिवशी रिव्हॉल्व्हर तिजोरीतून निघत नाही. मुलाला शाळेतून आणायला जायचं असेल त्या दिवशीही नाही. मंगेशीला, म्हार्दोळला जायचं असेल तर नाही. आणि कुणाकडे जेवायला जाऊन दोन पेग होण्याची शक्यता असेल तर अजिबात नाही. हा शेवटचा नियम माझा मी केलेला आहे, आणि गोव्यात तो पाळला की आठवड्यातले किती दिवस उरतात ते तुम्हीच मोजा.

गाडीत ठेवून उतरावं म्हटलं तर तेही बरोबर नाही. गाडी फुटली आणि वस्तू गेली तर तुमचा जबाब, तुमचा परवाना, सगळंच अडचणीत. दुकानातल्या पोराच्या हातात 'जरा धर रे' म्हणूनही देता येत नाही, परवाना माझ्या नावावर आहे, त्याच्या नाही. हरवली तर ताबडतोब पोलिस ठाण्यात कळवणं बंधनकारक. आणखी एक: परवाना कुठल्या हद्दीपुरता आहे ते बघा. माझा गोव्यापुरता आहे. सावंतवाडीला सासुरवाडी आहे, म्हणजे पत्रादेवीची हद्द ओलांडून महाराष्ट्रात शिरलो की माझा परवाना कागद राहतो. तेव्हा गणपतीत तिकडे जाताना वस्तू घरी.

कायद्याच्या बाजूने धंद्यातल्यांना एवढंच सांगेन की वकिलाकडे तासभर बसा. 1 जुलै 2024 पासून भारतीय न्याय संहिता लागू आहे, आणि स्वसंरक्षणाचा हक्क तिच्या 34 ते 44 कलमांत आहे. त्यातलं 37 वं दोनदा वाचा. बचावासाठी जेवढं गरजेचं तेवढंच, आणि पोलिसांकडे जायला वेळ असेल तर हा हक्कच नाही. पाकीट घेऊन पळणाऱ्याच्या पाठीत गोळी घालून 'स्वसंरक्षण' म्हणता येणार नाही. आमच्या ओळखीतले एक गृहस्थ 'एकदा तरी दाखवायला पाहिजे, म्हणजे कळेल लोकांना' म्हणत असतात. त्यांनी अर्ज करू नये असं मी त्यांना तोंडावर सांगितलं. तेव्हापासून ते अंगठ्या दुसरीकडे करून घेतात.

सराव कमी पडतो, ही माझी खरी नाराजी. काडतुसं मोजून मिळतात, परवान्यावर आकडा असतो, आणि कुळागरात पोफळीच्या आड उभं राहून बार काढायचा विषयच नाही. मी घरात, खोलीचं दार लावून, काडतुसं दुसऱ्या खोलीत ठेवून, नकली काडतुसांवर चाप ओढण्याचा सराव करतो. डबल ॲक्शनचा, म्हणजे एकाच ओढीत घोडा मागे नेऊन बार उडवणारा, चाप लांब आणि जड असतो, आणि सराव नसेल तर ओढताना नळी डावीकडे झुकते. खऱ्या गोळ्यांचा सराव रेंजवरच, आणि तिथे जायला सवड काढावी लागते.

पुन्हा घ्यायची वेळ आली तर रिव्हॉल्व्हर हीच घेईन. चामड्याचं होल्स्टर नाही, पट्टा पहिल्या दिवशीच चांगला, आणि तिजोरी भिंतीत बसवलेली, जी मी हत्याराच्या आधी बसवली होती. मुलगा बारा वर्षांचा आहे. किल्ली माझ्या जानव्याला असते.

निवडणुकीचं तेवढं लक्षात ठेवा. आचारसंहिता लागली की हत्यारं जमा करण्याचा आदेश निघतो. ठाण्यात देताना काडतुसं मोजून वेगळी द्या, नंबर स्वतः वाचून पावतीवर आहे का बघा, आणि देण्याआधी तेलाचा हात जरा जाडच मारा. तिथल्या कपाटात सिलिका जेल नसतं. परत आणायला उशीर करू नका, पावती परवान्याच्या पुस्तकातच ठेवा. माझी एकदा बायकोने वाण्याच्या बिलांबरोबर फाइलला लावली होती आणि ती सापडेपर्यंत अर्धा दिवस गेला.