टेक्सासात जागा घेतलीये? ट्रक आणि रायफल, नवं घ्यावं की जुनं

शहराबाहेर थोडी जागा घेतली की पहिल्या दोन-चार महिन्यांत दोन प्रश्न हमखास येतात, एक ट्रकचा (म्हणजे पिकअपचा) आणि दुसरा रानडुकरांचा. ऑस्टिन, सॅन अँटोनिओच्या बाजूला आपली बरीच मराठी मंडळी आता पाच-दहा एकर घेऊन बसलीयेत आणि हे दोन्ही प्रश्न कोणी ना कोणी विचारतच असतं, म्हणून एकदाच सविस्तर लिहितोय. माझा स्वतःचा ट्रक जुना आहे, आणि कामावरून मिळालेला नवा कोरा ट्रकही बराच काळ माझ्याकडे होता, म्हणजे दोन्ही एकाच वेळी दारात उभे असायचे. रायफलचंही तसंच, जुनी आणि नवी दोन्ही हाताळूनच ठरवलं. हॉर्सपॉवर, टोइंग वगैरे आकडे कुठेही मिळतात, ते इथे देत नाही.

आधी किंमत. फुल साइज नव्या ट्रकची सरासरी किंमत ६० हजार डॉलरच्या पुढे गेलीये, आणि ही काही चामड्याच्या सीटवाल्या टॉप मॉडेलची गोष्ट नाहीये, सरासरीच तेवढी आहे. छोटा घ्यावा म्हटलं तर फोर्डचा मॅव्हरिक बघा, २०२१ मध्ये आला तेव्हा १९,९९५ डॉलरपासून सुरू होत होता, आता तोच २८ हजाराच्या आसपास सुरू होतो. डीलर मात्र किंमत बोलतच नाही, हप्ता बोलतो, ८४ महिन्यांचं लोन लावून हप्ता कसा बसतो ते दाखवतो. सात वर्षं! तेवढ्यात मुलगा शाळेतून कॉलेजात जाईल आणि आपण ट्रकच फेडत बसणार.

हे असं का झालं याची मला दोन कारणं पटतात. एक म्हणजे बाहेरून येणाऱ्या हलक्या ट्रकवर १९६४ पासून २५ टक्के ड्युटी आहे, लोक त्याला चिकन टॅक्स म्हणतात (युरोपने अमेरिकन कोंबड्यांवर कर लावला त्याचं उत्तर म्हणून आला होता). त्यामुळे ट्रकच्या धंद्यात इथल्या कंपन्यांना बाहेरच्यांची फारशी भीती राहिली नाही. दुसरं म्हणजे मायलेजचे नियम गाडीच्या चार चाकांमधल्या जागेवर ठरतात, जागा जितकी मोठी तितकं मायलेजचं टार्गेट सोपं, मग कंपनी छोटा ट्रक कशाला बनवेल? त्यात जो मोठा बनतो त्यातूनही मायलेज काढायचं म्हणून इंजिनं छोटी आणि टर्बोवाली झाली, ऑइल पातळ झालं, चालता चालता सिलिंडर बंद करायची सिस्टिम आली.

आणि क्वालिटी? टोयोटाचं नाव आपल्याकडे डोळे झाकून घेतलं जातं, पण २०२२ पासून टुंड्रा ट्रकमधलं जुनं ५.७ लिटरचं व्ही-८ (आठ सिलिंडरचं) इंजिन काढून सहा सिलिंडरचं टर्बो व्ही-६ बसवलं आणि २०२४ मध्ये लाखभर गाड्या परत बोलवायची (रिकॉलची) वेळ आली, कारण कारखान्यात मशीनिंग करताना निघालेला धातूचा कचरा इंजिनात राहिला होता. पुढच्या वर्षी जनरल मोटर्सने ६.२ लिटरच्या व्ही-८ साठी अमेरिकेत जवळपास ६ लाख ट्रक आणि एसयूव्ही परत बोलवल्या. क्रँकशाफ्ट आणि कनेक्टिंग रॉडमधला दोष. ज्या इंजिनात दोष सापडला नाही त्यांना काय केलं, तर आधीपेक्षा जाड ऑइल, ०डब्ल्यू-४०, घालून दिलं. पातळ ऑइलवरून परत जाड ऑइलवर आले हे वाचून माझ्या मेकॅनिकने नुसती मान हलवली होती. ६०-७० हजार मोजल्यावर माणसाने हे का सोसायचं हे मला खरंच कळत नाही.

तरीही माझा निर्णय किमतीवर किंवा रिकॉलवर झाला नाही. तो झाला ट्रकच्या बेडच्या, म्हणजे मागे सामान ठेवायच्या जागेच्या, भिंतीवर.

फीड स्टोअरमधून हरणांसाठी मका आणतो, ५० पौंडांची पोती मिळतात. माझ्या जुन्या ट्रकच्या मागच्या चाकाजवळ उभं राहिलं की काठावरून वाकून हात थेट तळाला पोचतो, पोतं कानाला धरून उचललं की काम झालं. टूलबॉक्स, कुंपणाच्या तारेचं बंडल, चेनसॉ, सगळं बाजूनेच घ्यायचं आणि बाजूनेच ठेवायचं. नव्या ट्रकचा काठ माझ्या छातीशी येतो, आणि मी काही फार बुटका नाही. हात तळाला पोचतच नाही. म्हणजे मागे जा, टेलगेट उघडा, वर चढा, गुडघ्यावर बसून पोतं मागे ओढत आणा, खाली उतरा आणि मग उचला. एकदा करायला काही वाटत नाही, पण कुंपणाचं काम चालू असेल तर दिवसभर हेच, आणि पावसात बेडवर चिखल असेल तर बूट घसरतो तो वेगळाच. सामान वाहायचा ट्रक आणि सामानालाच हात पोचत नाही. यावर कंपन्यांनी काय केलं, तर बंपरमध्ये पायरी दिली, टेलगेटमध्ये पायरी दिली, बाजूला बटणाने खाली येणारी पायरी दिली, आणि त्यातल्या बऱ्याच पायऱ्यांचे पैसे वेगळे. उंची कमी ठेवली असती तर यातलं काहीच लागलं नसतं. कामावरच्या ट्रकच्या कंपनीचं नाव घेत नाही कारण मी बाकीच्यांचेही बघितलेत, इंचा-दोन इंचाचा फरक सोडला तर सगळ्यांचं तेच.

आणि हीच उंची पुढच्या बाजूलाही आहे. गेटजवळ ट्रक वळवताना समोर मूल किंवा कुत्रं उभं असेल तर बॉनेटमुळे दिसत नाही, आपल्याला कॅमेऱ्याच्या भरवशावर राहावं लागतं. आयआयएचएस या विमा कंपन्यांच्या सेफ्टी संस्थेने २०२३ मध्ये अभ्यास केला होता, ४० इंचांपेक्षा उंच बॉनेटच्या गाडीने पायी चालणाऱ्याला धडक दिली तर तो दगावण्याची शक्यता कमी उंचीच्या, उतरत्या बॉनेटच्या गाडीपेक्षा साधारण ४५ टक्क्यांनी जास्त निघाली. ज्याच्या अंगणात नातवंडं खेळतात त्याने हे लक्षात घ्यावं असं मला मनापासून वाटतं.

आता नव्याच्या बाजूनेही सांगायला हवं. हायवेवर नवा ट्रक कारसारखा शांत चालतो, आवाज नाही, गचके नाहीत. पुढे अडथळा आला तर आपोआप ब्रेक लागतो, एअरबॅग जास्त, अपघातात तग धरण्याची ताकद जुन्यापेक्षा नक्कीच चांगली. गॅसही कमी लागतो, माझा जुना गॅलनला पंधरा-सोळा मैल देतो, नवा त्यापेक्षा चांगला द्यायचा, फरक पंपावर जाणवायचा. रोज लहान मुलांना घेऊन चाळीस-पन्नास मैल हायवेने जाणार असाल, ट्रक हीच घरातली मुख्य गाडी असेल, तर नवा किंवा चार-पाच वर्षांचा घ्या, मी आडवा येणार नाही. पण घरात एक कार आहेच आणि ट्रक फक्त जागेवरच्या कामाला हवाय, तर मला वाटतं जुना बघावा.

जुना म्हणजे सगळंच चांगलं असं मात्र नाही. २००४ ते २००८ च्या फोर्ड ५.४ थ्री-व्हॉल्व्ह इंजिनात स्पार्क प्लग काढताना तुटून आत अडकतात, त्या वाटेला शक्यतो जाऊ नका. मला विचाराल तर शेव्ही सिल्व्हराडो किंवा जीएमसी सिएरा, १९९९ ते २००६ मधला, ५.३ व्ही-८. २००७ च्या नव्या मॉडेलपासून त्याच ५.३ मध्ये चार सिलिंडर बंद करायची सिस्टिम आली आणि लिफ्टरच्या (इंजिनातले व्हॉल्व्ह उघडणारा भाग) तक्रारी सुरू झाल्या, त्याच्या आधीचं इंजिन साधं आहे, गावातला कुठलाही मेकॅनिक उघडतो, पार्ट कुठल्याही दुकानात मिळतात. यालाही दुखणी आहेत, २००३ नंतरच्या गाड्यांत स्पीडोमीटरचा काटा वेडावाकडा फिरायला लागतो, ब्रेक लाइन गंजतात. पण ही दुखणी सगळ्यांना माहितीयेत, खर्च किती येणार हे आधी सांगता येतं.

गंज मात्र नीट बघा, ट्रकखाली झोपून बघा, फ्रेमवर हातोडीने हलकं ठोकून बघा, आवाज खणखणीत आला पाहिजे. टेक्सासात रस्त्यावर फारसं मीठ टाकत नाहीत म्हणून इथले ट्रक टिकतात, मिशिगन किंवा न्यू जर्सीतून आलेला असेल तर स्वस्तात मिळाला तरी नको. जुन्या टोयोटाही यातून सुटलेल्या नाहीत, २००५ ते २०१० चा टकोमा आणि २००७-०८ चा टुंड्रा यांच्या गंजलेल्या फ्रेमवरून कंपनीला २०१६ मध्ये मोठं सेटलमेंट करावं लागलं होतं. आणि नवा-जुना काहीही घ्या, आधी व्हीआयएन नंबर (गाडीचा ओळख क्रमांक) एनएचटीएसए या सरकारी रस्ता-सुरक्षा संस्थेच्या वेबसाइटवर टाकून रिकॉल बाकी आहे का ते तपासा, फुकट आहे.

आता रायफल. रानडुकरं एका रात्रीत अख्खं लॉन किंवा भाजीचे वाफे उकरून टाकतात, आणि २०१९ पासून टेक्सासात खाजगी जागेवर मालकाच्या परवानगीने डुकरं मारायला हंटिंग लायसन्स लागत नाही. एक गोष्ट आधी, ग्रीन कार्ड असेल तर बंदूक घेता येते, पण एच-वन-बी सारख्या तात्पुरत्या व्हिसावर असाल तर फेडरल कायद्याने घेता येत नाही आणि जवळही बाळगता येत नाही. वैध हंटिंग लायसन्स हा त्यात एक अपवाद आहे, म्हणजे डुकरांसाठी लागत नसलं तरी तुम्हाला ते लागू शकतं. दुकानात जायच्या आधी वकिलाला विचारा, बंदूक घेताना दुकानात भरायच्या फॉर्म ४४७३ वर चुकीचं लिहिणं हा गुन्हा आहे.

मी लिव्हर अ‍ॅक्शन घेतली (ट्रिगरभोवतीची लिव्हर फिरवली की पुढची गोळी भरते), मार्लिन कंपनीची ३३६, थर्टी-थर्टी गोळीची. हे मॉडेल १९४८ पासूनचं. इथे ट्रकपेक्षा चित्र जरा वेगळं आहे, कारण क्वालिटी पडली आणि मग परत वर आली. मार्लिन २००८ च्या सुरुवातीला रेमिंग्टन या दुसऱ्या बंदूक कंपनीकडे गेली, २०११ पर्यंत कनेक्टिकटमधला नॉर्थ हेवनचा कारखाना बंद झाला, काम दुसरीकडे हललं आणि वर्षानुवर्षं त्या मशीनवर हात बसलेले कारागीर मागेच राहिले. त्यानंतरच्या रायफलींची साइट (नेम धरायची खूण) तिरकी, लाकूड आणि लोखंडात फट, लिव्हर अडकते, अशा तक्रारी इतक्या आल्या की लोक त्यांना रेमलिन म्हणायला लागले. २०२० मध्ये रेमिंग्टनचं दिवाळं निघालं आणि लिलावात रुगर या बंदूक कंपनीने मार्लिन सुमारे ३ कोटी डॉलरला घेतली, आता नॉर्थ कॅरोलायनात बनते. रुगरची ३३६ मी हाताळलीये, काम खरंच स्वच्छ आहे, लिव्हर लोण्यासारखी फिरते. पण किंमत १२०० डॉलरच्या वर, आणि एके काळी हीच गरिबाची हरणाची रायफल होती.

माझा कल जुन्याकडे आहे, नळीवर जेएम हा जुन्या मार्लिनचा शिक्का असलेली, रिसीव्हरजवळ (नळी जिथे बसते तो मधला भाग) डाव्या बाजूला दिसतो. भाव तिचेही चढलेत पण शोधलं तर नव्यापेक्षा बऱ्याच कमीत मिळते, आणि अक्रोडाचं लाकूड हातात घेतल्यावर कळतं. १९८० च्या दशकाच्या सुरुवातीपर्यंतच्या रायफलींना बटणाचं सेफ्टी नाहीये, फक्त हॅमर (मागचा घोडा) अर्धा चढवून ठेवायचा, घरात मुलं असतील तर त्यानंतरची बघा, आणि तिजोरी तर कुठलीही घेतली तरी हवीच. सिरीयल नंबरही बघून घ्या. आरएम ने सुरू होत असेल तर रुगरची, पैसे असतील तर बिनधास्त घ्या. एमआर ने सुरू होत असेल तर ती रेमिंग्टनच्या काळातली, ती दुकानात नळीच्या रेषेत डोळा लावून, पुढचं साइट सरळ आहे का बघून आणि लिव्हर दहा-वीस वेळा फिरवूनच घ्या, ऑनलाइन तर अजिबात नको.