उद्यमनगरातले एक गॅरेज आणि आमच्या गिअरबॉक्सची घरघर

कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात, लेथ आणि फाउंड्रीच्या कामांच्या गजबजाटात, फक्त क्लच आणि गिअरबॉक्सचे काम करणारे एक लहान गॅरेज आहे. गेल्या पावसाळ्याच्या अखेरीस मी आमची गाडी तेथे दिली आणि पाच दिवसांनी परत आणली. गॅरेजचे नाव मी येथे लिहीत नाही, कारण मिस्त्रींनीच तशी विनंती केली आहे. जागा दोन गाड्यांची आहे आणि त्याहून अधिक काम अंगावर घ्यायची त्यांची इच्छा नाही. तरीही हा अभिप्राय सविस्तर लिहिते आहे, कारण आवाजाचे निदान कसे केले जाते हे मी तेथे प्रथमच नीट पाहिले, आणि ज्यांच्या गाडीत असा अनोळखी आवाज सुरू झाला असेल त्यांना आपापल्या गावातले गॅरेज निवडताना त्याचा उपयोग होईल असे मला वाटते.

आमची गाडी पेट्रोलवर चालणारी, हाताने गिअर टाकायची, पुढच्या चाकांना शक्ती देणारी साधी हॅचबॅक आहे. आठ वर्षे वापरात आहे आणि ८२,००० किलोमीटर चालली आहे. आई रत्नागिरीत असल्यामुळे महिन्यातून एकदा तरी माझी आंबा घाटातून ये-जा होते. ऑगस्टमध्ये परत येताना साखरप्याहून घाट चढून वर आल्यावर चहासाठी गाडी थांबवली. इंजिन चालू होते, गिअर न्यूट्रलमध्ये होता आणि पाय क्लचवरून काढलेला होता. तेव्हा तो आवाज पहिल्यांदा स्पष्ट ऐकू आला. जात्यात मूठभर ज्वारी टाकल्यावर येते तशी ती घरघर होती. ॲक्सिलरेटर किंचित दाबला की तिची पट्टी वर चढत होती आणि क्लच दाबला की ती विरून जात होती.

एका मोठ्या वर्कशॉपमध्ये हेच वर्णन मी सांगितले. क्लच दाबल्यावर आवाज जातो, म्हणजे दोष क्लचमध्येच आहे, असे तेथील सल्लागारांनी टेबलावर बसूनच ठरवले. क्लच प्लेट, प्रेशर प्लेट आणि रिलीज बेअरिंग (पॅडल दाबल्यावर क्लच सोडवणारे बेअरिंग) असा सगळा संच बदलला गेला, ११,४०० रुपये बिल झाले आणि गाडी घेऊन फाटकाबाहेर पडेपर्यंत घरघर पुन्हा ऐकू आली. त्यावर संपूर्ण गिअरबॉक्स बदलावा लागेल असे उत्तर मिळाले. गाडी रस्त्यावर चालवून कोणीही पाहिली नव्हती. माझी खरी तक्रार पैशांपेक्षा त्या गोष्टीबद्दल आहे.

उद्यमनगरातल्या मिस्त्रींची पहिली सूचना फोनवरच मिळाली: गाडी आदल्या रात्री आणून ठेवा आणि सकाळी साडेआठला स्वतः या. इंजिन आणि गिअरबॉक्स पूर्ण थंड असताना आवाज कसा आहे आणि तापल्यावर कसा होतो, हे दोन्ही त्यांना ऐकायचे होते. सकाळी गेल्यावर त्यांनी बॉनेट उघडले नाही. मला चालकाच्या जागी बसवले, स्वतः शेजारी बसले, काचा वर घेतल्या, एसी, पंखा आणि रेडिओ बंद करायला सांगितले आणि म्हणाले, “ताई, आधी गाडीचं ऐकून घेऊया. पाना नंतर.”

गाडी उभी, गिअर न्यूट्रलमध्ये, पाय वर: घरघर. क्लच पूर्ण दाबला: घरघर बंद. हे त्यांनी माझ्याकडून दहा-बारा वेळा करून घेतले आणि मग माझ्या लक्षात कधीच न आलेली एक गोष्ट दाखवली. क्लच दाबताच आवाज एकदम तुटत नव्हता. बटण बंद केल्यावर पंखा हळूहळू थांबावा तसा एक-दीड सेकंद घेऊन तो खाली येत होता. गिअरबॉक्समध्ये शक्ती आणणारा शाफ्ट क्लच दाबल्यावर इंजिनापासून सुटतो आणि स्वतःच्या गतीवर थोडा फिरून थांबतो. आवाज त्या शाफ्टबरोबरच थांबत होता, म्हणजे आवाज करणारी वस्तू त्या शाफ्टवर किंवा त्याच्यामुळे फिरणाऱ्या भागांत होती. मोठ्या वर्कशॉपची चूक येथेच झाली होती. रिलीज बेअरिंग खराब असते तर नेमके उलटे घडले असते, कारण त्या बेअरिंगवर जोर येतो तो पाय खाली गेल्यावर. मग दाबताना आवाज सुरू झाला असता आणि सोडल्यावर गेला असता. पॅडलला पाय नुसता टेकवून, थोडासा दाबून, त्यांनी तेही तपासले. तेथे काहीच ऐकू आले नाही.

एक शंका मात्र उरली होती आणि ती त्यांनी स्वतःच मांडली. न्यूट्रलमध्ये थोडी खडखड अनेक चांगल्या गाड्यांतही असते. इंजिन मंद फिरताना त्याचे धक्के गिअरच्या दातांमधल्या बारीक फटीत वाजतात आणि क्लच दाबला की ती खडखडही जाते. दोन्हींतला फरक वेग वाढवल्यावर कळतो. दातांची खडखड इंजिनाचा वेग वाढताच कमी होते किंवा नाहीशी होते. बेअरिंगची घरघर मात्र वेगाबरोबर वर चढते. आमची चढत होती.

त्यानंतर आम्ही शिवाजी विद्यापीठाच्या रस्त्याला लागलो. प्रत्येक गिअरमध्ये इंजिनाचे फेरे २,००० च्या आसपास ठेवून मला काही अंतर चालवायला लावले. आवाज एकाच गिअरमध्ये आला असता तर त्या गिअरच्या दातांवर किंवा त्याच्या आतल्या बेअरिंगवर संशय गेला असता. तो सर्व गिअरमध्ये होता आणि गाडीच्या वेगाशी नव्हे, तर इंजिनाच्या फेऱ्यांशी बांधलेला होता. मग ताशी ४० किलोमीटरला क्लच दाबून, गिअर न्यूट्रलला आणून, गाडी तशीच सोडून द्यायला सांगितले. चाके फिरत होती, पण घरघर थांबली. चाकांची बेअरिंग, टायर आणि डिफरन्शियल (दोन्ही चाकांना शक्ती वाटून देणारी गिअरची जोडणी) या सगळ्यांवरचा संशय त्या एका कृतीने बराचसा दूर झाला. डावी-उजवीकडे हलकेच वळवून चाकांवरचे वजन बदलून पाहिले आणि मोकळ्या जागेत स्टिअरिंग पूर्ण फिरवून गोल घेतला, कारण ॲक्सलचा, म्हणजे चाकाला फिरवणाऱ्या दांड्याचा, बाहेरचा सांधा गेला असेल तर तेथे कटकट ऐकू येते. ती आली नाही. येताना एका लांब कंपाउंडच्या भिंतीला लागून काच खाली करून जायला सांगितले. भिंतीवरून परत येणारा आवाज आत बसून ऐकलेल्या आवाजापेक्षा कितीतरी स्वच्छ असतो, हे मला नवीन होते.

गाडी लिफ्टवर चढल्यानंतरचे काम मी उभी राहून पाहिले आणि त्याला कोणी हरकत घेतली नाही. पुढची चाके हाताने फिरवताना मिस्त्रींचा दुसरा हात सस्पेन्शनच्या स्प्रिंगवर होता. चाकाचे बेअरिंग खरखरीत झाले असेल तर ती खरखर स्प्रिंगमधून बोटांना जाणवते. मग इंजिन चालू करून लांब स्क्रू-ड्रायव्हरचे टोक गिअरबॉक्सच्या कवचावर ठेवले आणि मूठ कानापुढच्या हाडावर टेकवली. तीन जागा झाल्यावर त्यांनी तो माझ्या हातात दिला. क्लचच्या बाजूला मला सारखी, भरीव गुणगुण ऐकू आली. डिफरन्शियलजवळ जवळजवळ काहीच नव्हते. इंजिनापासून लांबच्या टोकाला, बाजूच्या झाकणावर टोक ठेवताच मात्र ती घरघर इतकी जवळून आली की मी दचकून हात मागे घेतला. शक्ती आणणाऱ्या त्याच शाफ्टचे, म्हणजे वरच्या शाफ्टचे, मागचे बेअरिंग त्या झाकणामागे बसते.

येथपर्यंत एकही नट सैल केलेला नव्हता. पहिला बोल्ट उघडला तो तेलाची पातळी पाहण्याचा. या भोकापर्यंत तेल हवे. बोट आत वाकवून बाहेर काढले तर ते कोरडे होते. खालचा बोल्ट काढून तेल स्वच्छ भांड्यात घेतले आणि मोजले, तर सुमारे २.२ लिटरच्या जागी १.४ लिटर निघाले. त्या बोल्टच्या चुंबकाला काजळासारखा मऊ राखाडी लेप होता. तो कोणत्याही गिअरबॉक्समध्ये सापडतो आणि त्याची काळजी करू नये, असे त्यांनी सांगितले. पण तोच लेप वर्तमानपत्रावर पसरून उन्हात धरल्यावर दोन पातळ, चमकणारे पापुद्रे दिसले आणि ते मात्र चिंतेचे होते. अशा गिअरबॉक्समध्ये तेलाचा पंप नसतो. खाली फिरणारे डिफरन्शियलचे मोठे चाक तेल उडवते आणि ते वरच्या शाफ्टपर्यंत पोहोचते, त्यामुळे पातळी उतरली की वरच्या बेअरिंगची उपासमार आधी सुरू होते.

तेल गेले कोठे, हा प्रश्न त्यांनी सोडला नाही, आणि या गॅरेजबद्दल मला सर्वांत अधिक आदर याच कारणाने वाटतो. डाव्या ॲक्सलच्या ऑइल सीलभोवती, म्हणजे तेल अडवणाऱ्या कड्याभोवती, तेलाचा ओला काळपट पट्टा होता. बेअरिंग आणि सील बदलून काम संपवता आले असते. मिस्त्रींनी गिअरबॉक्सच्या वरची हवा सोडणारी लहान टोपी काढली, तर ती जांभ्याच्या तांबड्या चिखलाने घट्ट बुजलेली होती. आतले तेल आणि हवा तापून फुगतात. बाहेर जायची वाट बंद असेल तर तो दाब सीलवर येतो आणि तेल तेथून पाझरू लागते. आईच्या घरापर्यंतचा शेवटचा कच्चा रस्ता मी किती पावसाळे तुडवते आहे, हे त्यांनी न विचारता ओळखले होते.

दुसऱ्या दिवशी गिअरबॉक्स खाली उतरवून उघडला आणि मला फोन करून बोलावले. काढलेले बेअरिंग माझ्या हातात देऊन सावकाश फिरवायला सांगितले. बोटांखाली साखरेचे दाणे चिरडल्यासारखे लागत होते, आणि बाहेरच्या कड्याच्या आतल्या वाटेवर, जेथे गोळ्या फिरतात तेथे, नखाला अडतील असे खड्डे पडलेले होते. त्याच्या कडेवर ६२०५ हा क्रमांक होता. शेवटच्या दोन अंकांना पाचाने गुणले की आतला व्यास मिळतो: २५ मिलिमीटर. बाहेरचा व्यास ५२ आणि रुंदी १५. हा क्रमांक बाजारात कोठेही मिळतो. मदतीला असलेला मुलगा अर्ध्या तासात नवे बेअरिंग घेऊन आला, मिस्त्रींनी डबी पाहिली आणि त्याला परत पाठवले. जुन्यावर क्रमांकापुढे सी-३ अशी खूण होती आणि नव्यावर नव्हती. ती खूण असलेल्या बेअरिंगमध्ये आतली सैल जागा मुद्दाम थोडी अधिक ठेवलेली असते, जेणेकरून तापून धातू फुगल्यावर गोळ्या आवळल्या जाऊ नयेत. बिनखुणेचे बेअरिंगही त्या जागी सहज बसले असते आणि मला कधीही कळले नसते.

गिअरचे दात चांगले होते. सिंक्रोनायझरच्या, म्हणजे गिअर टाकताना गती जुळवणाऱ्या, कड्यांची फट फीलर गेजच्या पातळ पट्ट्यांनी एकेक करून मोजली आणि ती बदलायची गरज नाही असे स्पष्ट सांगितले. वरच्या शाफ्टची दोन्ही बेअरिंग मात्र बदलली, कारण कमी तेलाचा त्रास दोघांनाही झाला होता. दोन्ही ॲक्सलची सील नवी घातली. तेल गाडीच्या पुस्तकात लिहिल्याप्रमाणे ७५डब्ल्यू-९० या दाटपणाचे, जीएल-४ श्रेणीचे घातले. जीएल-५ अधिक दाब सहन करते म्हणून काही जण तेच भरतात, पण त्यातील गंधकयुक्त रसायने पितळी सिंक्रोनायझर कड्यांना त्रास देऊ शकतात, म्हणून पुस्तकात सांगितले नसेल तर घालू नये, असे त्यांचे म्हणणे होते.

एकूण बिल ९,६५० रुपये झाले. त्यात निदानाचे ६०० रुपये वेगळे दाखवले होते आणि ते मी सर्वांत आनंदाने दिले. ऐकण्याला, चालवून पाहण्याला आणि विचार करण्याला वेगळी किंमत लावली, तर सुटे भाग विकण्याचा मोह उरत नाही, असे माझे ठाम मत झाले आहे. बिल हाताने लिहिलेले होते, पण प्रत्येक वस्तूचा क्रमांक आणि किंमत त्यावर होती, आणि जुने भाग कागदात गुंडाळून परत दिले.

उणिवाही लिहायला हव्यात. तीन दिवस सांगितले होते, पाच लागले, कारण एका ॲक्सलचे सील योग्य मापाचे मिळायला वेळ गेला. तसा फोन त्यांनी स्वतः केला नाही, मीच केला. काम चालू असताना फोन उचलला जात नाही. बसायला एक स्टूल आहे आणि आजूबाजूच्या यंत्रांचा गोंगाट दिवसभर असतो, म्हणूनही सकाळी लवकर बोलावत असावेत. गल्ली अरुंद असल्यामुळे मोठी गाडी आत वळवणे कठीण जाते.

गाडी त्यानंतर २,३०० किलोमीटर चालली आहे आणि त्यात रत्नागिरीच्या तीन फेऱ्या झाल्या. न्यूट्रलमध्ये आता इंजिनाचाच आवाज ऐकू येतो. रिव्हर्समध्ये एक बारीक, उंच सूर अजून येतो. तो राहील, हे मिस्त्रींनी गाडी देतानाच सांगितले होते, कारण पुढे जायच्या गिअरचे दात तिरपे असतात आणि आमच्या गाडीत रिव्हर्सचे दात सरळ आहेत. १,००० किलोमीटरनंतर तेलाची पातळी दाखवायला या, असे बिलाच्या तळाशी लिहिलेले होते. मी गेले तेव्हा त्यांनी तोच पातळीचा बोल्ट उघडला, बोट आत वाकवले आणि तेलाने भिजलेले बोट मला दाखवले. डावे सील कोरडे होते. त्याचे त्यांनी पैसे घेतले नाहीत.