ट्रम्पेटला दाद, पत्रिकेला नाही

मुंबईतल्या जुन्या जॅझ वादकांना मानवंदना देणारी एक मैफल गेल्या शनिवारी दक्षिण मुंबईतल्या एका छोटेखानी सभागृहात ऐकली. पाचशे रुपयांचे तिकीट पुरेपूर वसूल झाले, हे आधीच नोंदवतो, कारण पुढे तक्रारही करायची आहे.

मैफलीचा मोठा भाग चिक चॉकलेट यांना, म्हणजे गोव्यातल्या हळदोण्याच्या आंतोनियो झेवियर वाझ (१९१६–१९६७) यांना वाहिलेला होता. लुई आर्मस्ट्राँगच्या शैलीत ट्रम्पेट वाजवणारे चिक चॉकलेट सी. रामचंद्र यांचे सहायकही होते, आणि १९५१च्या ‘अलबेला’मध्ये त्यांचा बँड पडद्यावरही झळकला. त्याच चित्रपटातले ‘शोला जो भडके’ येथे गायकांविना सादर झाले. ट्रम्पेटवादकाने मुखडा सरळ वाजवला आणि मग चाल सोडून तो असा काही भरकटला की भगवानदादांच्या पायांवर वाढलेले प्रेक्षकही क्षणभर ताल चुकले; परत मुखड्यावर आल्यावर मिळालेली टाळी मात्र पट्टीच्या तबलजीने सम गाठल्यावर मिळते तशी होती.

चर्चच्या शाळेत व्हायोलिन आणि स्वरलिपी शिकलेले गोव्याचे हे वादक रात्री हॉटेलात नाचाची गाणी आणि दिवसा स्टुडिओत समोर ठेवलेले नोटेशन सारख्याच सफाईने वाजवत असत. शंकर-जयकिशन यांच्या गाण्यांतली वाद्यरचना बांधणाऱ्या सेबास्टियन डिसोझा यांच्यासाठी म्हणूनच वेगळा भाग ठेवला होता. त्यात निवेदकाने बोलणे थांबवून, गाण्याच्या ओळीमागे वाजणारे व्हायोलिनचे काउंटर, म्हणजे मुख्य चालीला जोड देणारी दुसरी सुरावट, तेवढेच, गाण्याशिवाय, ऐकवले. एवढी वर्षे कानांवर पडूनही ती ओळ मी कधी वेगळी ऐकली नव्हती. निवेदकाने उरलेला वेळही असाच वापरायला हवा होता.

ध्वनियोजना मध्यंतरापर्यंत सदोष होती. ड्रमच्या गजरात डबल बास जवळजवळ बुडून गेला. त्याहून खटकली ती छापील पत्रिका. ज्यांची नावे चित्रपटांच्या श्रेयनामावलीत क्वचितच आली, त्यांच्या स्मरणार्थ हा कार्यक्रम, आणि पत्रिकेत प्रायोजकांना अख्खे पान देऊन त्या दिवशीच्या सहाही वादकांची नावे गाळलेली!

उत्तरार्धात सत्तरी ओलांडलेल्या सॅक्सोफोनवादकाने खुर्चीत बसूनच एक संथ चाल वाजवली. सुरुवातीला त्यांनी रीड, म्हणजे वाद्याच्या तोंडाशी बसवायची पातळ पट्टी, जिभेने ओली केली, दोनदा काढून पुन्हा बसवली आणि पियानोवाल्याला नुसती भुवई उंचावून इशारा दिला. संपूर्ण संध्याकाळीतले हे सर्वोत्तम वादन. त्यांचे नाव अखेर मला त्यांनाच विचारावे लागले. त्यांनी ते माझ्या पत्रिकेवर, दोन बोधचिन्हांमधल्या मोकळ्या जागेत, स्वतःच्या हाताने लिहून दिले.