भंडारदऱ्याची केबिन आणि माझे २१,४००.५० रुपये

काजव्यांच्या मोसमात भंडारदऱ्याला लाकडी केबिन देतो असं सांगून माझ्याकडून २१,४००.५० रुपये उकळले गेले. पन्नास पैशांसकट लिहितेय, कारण त्या पन्नास पैशांवरच अर्धा डाव होता. असले प्रकार तुम्हाला माहीत आहेत, मलाही होते. ओटीपी सांगायचा नाही, पैसे घ्यायला पिन लागत नाही, हे सासूबाईंना मीच शिकवलं. इथे ना ओटीपी होता ना लिंक. पैसे मी माझ्या हाताने पाठवले आणि पुढे बँकेने नेमकं तेच माझ्या तोंडावर फेकलं.

काजवे मे अखेरीपासून पाऊस जोर धरेपर्यंतच. त्या शनिवार-रविवारी शेंडीपासून घाटघरपर्यंत मुंबई, पुणे, नाशिकच्या गाड्यांची रांग असते. सरकारी रिसॉर्ट भरलेलं, ओळखीचा तंबूवालाही भरलेला. आम्ही आठ जण, सासूबाईंचे गुडघे दुखतात, जावेचं धाकटं लहान. तंबूत जमिनीवर झोपणं शक्य नव्हतं, म्हणून केबिनच हवी होती. इन्स्टाग्रामवर एक पान सापडलं: जलाशयाच्या काठावर केबिन, प्रत्येकीला आतच बाथरूम. दोन केबिन, दोन रात्री, केबिनला रात्रीचे ४,५०० म्हणजे १८,००० रुपये. दर मुळीच स्वस्त नव्हता. निम्म्या भावात कुणी देऊ केलं असतं तर मी तिथेच सावध झाले असते. फोनवरचा माणूस शुद्ध मराठीत ‘ताई, ताई’ करत होता. सांधण दरीला जायचं तर साम्रदहून सकाळी लवकर उतरा, नंतर ऊन लागतं, असंही सांगत होता. अशा माणसावर संशय कसा घ्यायचा?

निम्मे, म्हणजे ९,००० रुपये आगाऊ. क्यूआर आला, त्यावर केबिनवाल्यांचा लोगो. स्कॅन केला तर स्क्रीनवर एका भलत्याच बाईचं नाव. माझं बोट थांबलं. मी फोन करून विचारलंसुद्धा. ‘ताई, आमच्या अकाउंटंट मॅडमचं खातं आहे, सीझनमुळे कंपनीच्या खात्याची लिमिट संपलीय.’ आणि मी पिन टाकला. रात्री झोप येत नाही तेव्हा तो स्क्रीन डोळ्यांसमोर असतो. नाव ठळक अक्षरांत होतं, मी वाचलं होतं, विचारलंही होतं आणि तरी पुढे गेले. पण मला सांगा, गावाकडे होमस्टे चालवणाऱ्यांपैकी किती जणांचं धंद्याच्या नावाचं खातं असतं? कुणी बायकोच्या खात्यावर घेतो, कुणी भाच्याच्या. आजवर आम्ही असेच पैसे दिलेत आणि कुणी दगा दिला नाही. प्रामाणिक माणसांच्या याच सवयीच्या आड हे चोर लपतात. क्यूआरभोवती लोगो कुणीही चिकटवतो. पैसे कुणाला जाणार ते पिन टाकण्याआधी दिसणाऱ्या नावावरूनच कळतं. ते जुळलं नाही तर कारण ऐकतच बसू नका, फोन ठेवा.

पुढे ‘वनखात्याचा परवाना’, माणशी ३०० प्रमाणे २,४०० रुपये. कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्यात शिरताना नाक्यावर शुल्क भरायचं आणि पावती घ्यायची, हे मला ठाऊक होतं. पण काजव्यांच्या काळात गर्दीवर निर्बंध येतात हेही बातम्यांत वाचलं होतं, म्हणून ‘यंदा आधीच भरावं लागतं’ हे पटलं. वनखात्याचे पैसे खासगी माणसाच्या खात्यावर मागितले तर तो चोरच समजा.

मग अनामत ५,००० रुपये, निघताना परत मिळणार. पाठवले. लगेच फोन: ‘ताई, ५,०००.५० पाठवायचे होते, पन्नास पैसे हा तुमचा बुकिंग कोड आहे. कोड नाही म्हणून रक्कम अडकली. आता ५,०००.५० टाका, पहिले ५,००० दहा मिनिटांत आपोआप परत येतील.’ तेव्हा ऑफिसातून घरी यायला निघाले होते, लोकलमध्ये उभी होते, वर्गणी सगळ्या दिरांकडून गोळा झालेली, बुकिंग हातचं गेलं तर काय सांगू हीच चिंता. टाकले. तिसऱ्यांदा मागितले तेव्हा मी साफ नाही म्हटलं, तर लगेच नरमले आणि ‘कन्फर्म’ लिहिलेलं व्हाउचर पाठवलं. त्यावर जीएसटी क्रमांक होता. कागदावर असा क्रमांक दिसला की आपण आश्वस्त होतो. तो ०८ ने सुरू होत होता, म्हणजे राजस्थान. महाराष्ट्राचा २७ ने सुरू होतो. जीएसटीच्या संकेतस्थळावर क्रमांक टाकला की धंद्याचं नाव फुकट दिसतं. मी हे नंतर केलं, तुम्ही आधी करा.

घोटी सोडल्यावर गाडीत माझी जाऊ ते फोटो पुन्हा बघत होती. ‘वहिनी, केबिनच्या मागे हे देवदार कसे?’ काजवे ज्या झाडांवर बसतात ते हिरडा, बेहडा, सादडा, जांभूळ मी स्वतः पाहिलेले आहेत. आणि फोटोत हिमालयातले देवदार! गाडीत कुणी काही बोललं नाही. फोन लावला तर बंद.

लोकेशन एका शेताच्या बांधावर संपत होतं. शेतकरीदादा म्हणाले, ‘तुमच्यासारखे लई येऊन जात्यात, पोरं रडत्यात.’ अंधार पडला होता. त्यांनी आठही जणांना घरात घेतलं, त्यांच्या घरच्या वहिनींनी पिठलं-भाकरी केली. पैसे घ्यायला तयार नव्हते, सकाळी बळेच २,००० रुपये दिले. सासूबाई एक शब्द बोलल्या नाहीत. त्या रागावल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

आता तक्रारीचं ऐका. १९३० लावला, म्हणजे सायबर फसवणुकीची सरकारी हेल्पलाइन. लागला तेव्हा नोंद झाली, पण पैसे जाऊन बरेच दिवस उलटलेले. पहिल्या काही तासांत कळवलं तर रक्कम पुढच्या खात्यावर जाण्याआधी रोखता येते, म्हणून संशय आला की खात्री करत बसू नका, आधी १९३० लावा. तिथल्या पोलीस ठाण्यात म्हणाले, पैसे तुमच्या घराकडून गेले, तिकडे जा. घराजवळच्या ठाण्यात म्हणाले, केबिन तिकडची, तिकडेच तक्रार द्या. अहो, भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ मध्ये स्पष्ट लिहिलंय की गुन्हा कुठल्याही हद्दीत घडलेला असो, माहिती नोंदवून घ्यायची. १ जुलै २०२४ पासून हा कायदा लागू आहे. मी कलम दाखवलं तर अंमलदार म्हणाला, ‘मॅडम, इथे लाखांच्या केसेस पडल्यात.’ म्हणजे एकवीस हजारांची चोरी ही चोरी नाही? माझ्यासारखे शंभर जण मिळून त्या चोराचे लाखच होतात ना! सायबर शाखेत पाठवलं, तिथे साहेब बंदोबस्ताला. बँकेत गेले तर शाखेतला अधिकारी मान वर न करता म्हणाला, ‘पिन तुम्हीच टाकलाय, व्यवहार अधिकृत आहे.’ मी अनधिकृत म्हणतच नव्हते. समोरच्या खात्यावर रोज अनोळखी लोकांचे पैसे येतात आणि लगेच निघून जातात, हे त्या खात्याच्या बँकेला दिसत नाही का, एवढंच विचारत होते. त्यावर एक छापील अर्ज मिळाला. यूटीआर (प्रत्येक व्यवहाराचा वेगळा) क्रमांक, चॅट, व्हाउचर, सगळं जोडून दिलं. ते स्क्रीनशॉट चोराने चॅट पुसायच्या आत काढून ठेवले होते म्हणून जोडता आले.

हाती काय लागलं? त्या बाईच्या खात्यात १,१३० रुपये गोठवलेत, आणि ते सोडवायला न्यायालयाचा आदेश आणा म्हणतात. ती बाईसुद्धा बहुधा खातं भाड्याने देणारी कुणीतरी.

केबिन घेणार असाल तर मालकाला व्हिडिओ कॉलवर केबिनच्या दारात उभं राहून समोरचा डोंगर दाखवायला सांगा. फोटो नको, रेकॉर्ड केलेला व्हिडिओ नको. त्याच गावातल्या दुसऱ्या होमस्टेवाल्याला फोन करून ‘हे कुठे आहेत हो?’ विचारा, गावात सगळे एकमेकांना ओळखतात. आणि अनामत आधी कधीच नाही, पोचल्यावर.

ते पान आजही चालू आहे. नाव बदललंय, फोटो तेच आहेत, आता ‘पावसाळी धबधबा पॅकेज’ ३,९९९ रुपयांना विकतायत. खाली सावध करणारं लिहिलं तर मला ब्लॉक केलं. त्यांचा नवा नंबर आणि नवा क्यूआर मी तक्रारीत जोडलाय. तक्रारीची स्थिती अजून ‘प्रक्रियेत’ अशीच दिसते.