आठवड्याची पुडी की रोजची गोळी?

कोकणात ऊन मुबलक, पण सत्तरी ओलांडलेली माणसं पावसाचे चार महिने पडवीतच बसून; मग उन्हामुळे अंगात तयार होणारं ‘ड’ जीवनसत्त्व कमी पडतं. बांगड्यातून थोडं मिळतं म्हणा, पण श्रावणात तोही बंद.

डॉक्टर बहुधा ६०,००० युनिटची पुडी देतात: आठवड्याला एक, दुधातून, साधारण ८ आठवडे. कमतरता मोठी असेल तर हीच बरी. पण आमच्या आजीने ती रोजची समजून सलग ५ दिवस घेतली! असं लांबलं तर रक्तातलं कॅल्शियम वाढतं. मळमळ, बद्धकोष्ठता, मूत्रपिंडाला त्रास.

रोजच्या गोळीत सत्तरीनंतर साधारण ८०० युनिट पुरतात. एखादी चुकली, चुकून दोन घेतल्या, तरी बिघडत नाही. विसराळू म्हाताऱ्यांसाठी माझा कौल हिलाच. फक्त जेवणानंतर घ्यावी, कारण हे जीवनसत्त्व स्निग्धात विरघळतं.